ज्या दिवशी सगळ्या म्हशी आटल्या

एका गावातल्या सगळ्या म्हशी एकाच सकाळी आटल्या. बेचाळीस घरं, घरटी दोन-तीन म्हशी, त्यातल्या कितीतरी नुकत्या व्यालेल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत कॅन भरभरून दूध देणाऱ्या या म्हशींनी ग्रामसभेत ठराव केल्यासारखं दुसऱ्या दिवशी दूध बंद केलं. डेअरीचा टेम्पो रिकामे कॅन वाजवत परत आला. डेअरीच्या मालकांनी घरोघर फोन लावले, तर ज्याला विचारावं तो तेच सांगे, "जनावर आटलं, दादा. काय करावं?"

हे ऐकून मी हसले होते. त्या म्हशी कुणी आटवल्या हे शोधून काढायला मला दोन महिन्यांहून जास्त लागले आणि शोध संपला तो माझ्याच दारात. तेव्हापासून हसू आलेलं नाही.

मी संवाद सल्लागार आहे. धाराशिवात एका झेरॉक्सच्या दुकानावर, माडीवरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. पुण्यात नऊ वर्षं हेच काम केलं, मग आईचे गुडघे गेले आणि मी परत आले. पाटी लावली त्याच आठवड्यात एक गृहस्थ जिना चढून आले आणि म्हणाले, "माझी बायको चार महिने झाले माझ्याशी बोलत न्हाय. तुमी बोलतं करता का?" मी म्हटलं, ते माझं काम नाही. ते चिडले. "मग पाटी कशापायी लावली?" म्हणाले आणि निघून गेले. वडील आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. त्यांना माझ्या धंद्याची फार मजा वाटे. पारावर बसून सांगत, "आमची लेक बोलायचे पैसे घेती. म्या चौतीस वर्षं फुकट बोललो, येडाच निघालो."

माझं काम सोपं नाही, पण सांगायला सोपं आहे. धंदेवाला येतो तो दुखणं सांगत नाही, थेट औषधच मागतो. "मॅडम, एक व्हिडिओ करून द्या." वाशीकडचे एक शाळाचालक ड्रोनचा व्हिडिओ मागत होते. त्यांची पोरं दुसऱ्या शाळेत चालली होती, कारण ऑफिसातला क्लार्क आयांच्या अंगावर खेकसायचा. जळकोटजवळ हायवेवर एका धाबेवाल्याला नवं मेनूकार्ड पाहिजे होतं. त्याचं वळण बाभळीच्या झुडपामागं झाकलेलं होतं, मेनूकार्ड वाचायला गाडी आत तर वळली पाहिजे! असं दुखणं माणसाकडूनच वदवून घ्यायचं आणि मग त्यावर इलाज करायचा. मला ते जमतं असा माझा समज होता. समज कसला, माज होता.

डेअरीचे मालक माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा धंदा चांगला चालला होता. आमच्या डोंगरपट्ट्यातला खवा प्रसिद्ध. हे गृहस्थ सतरा-अठरा वर्षांपूर्वी चार कॅनवर सुरुवात करून खव्याची भट्टी, पनीर, पेढ्यापर्यंत आलेले. वयानं माझ्याएवढेच किंवा दोन वर्षांनी मोठे, पण सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणे. त्यांना पुण्याच्या बाजारात पाकीटबंद पेढा न्यायचा होता. मी म्हटलं, दादा, आधी घर आवरा. तुमचं दूध ज्यांच्या गोठ्यातून येतं त्या लोकांशी तुमचं बोलणं किती? ते म्हणाले, "पहिलं रोज होतं. आता कुठं जमतंय, मॅडम."

मग मी ते जमवून दिलं. दूध घालणाऱ्या सगळ्या घरांची यादी केली. वाढदिवस, लग्न, बारसं, मुलाचा दहावीचा निकाल, काहीही असो, डेअरीतर्फे त्या घराच्या मोबाइलवर मेसेज जायचा. एकोणीस प्रसंगांचे एकोणीस मेसेज मी स्वतः लिहिले. ऑफिसातल्या मुलीनं फक्त नाव भरायचं आणि बटण दाबायचं. प्रत्येकाखाली डेअरीचं चित्र, लाल गोंडे लावलेली हसरी म्हैस, आणि ओळ, 'शुद्धतेची परंपरा'. मालक बेहद्द खूश झाले. लोकांचेही उलट मेसेज येऊ लागले, हात जोडलेले, फुलं. मी ते सगळे एका तक्त्यात घालून पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवत असे.

आणि मग त्या म्हशी आटल्या.

हे गाव साधं नव्हतं. डेअरीचं पहिलं दूध तिथूनच आलेलं. सगळं म्हशीचं, दाट, खव्याला सोनं. ते बंद झालं तसा खव्याचा उतारा, म्हणजे लिटरमागं निघणारा खवा, घटला आणि पुण्याचा नमुना पाठवायची वेळ तोंडावर आली. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, रोग शोधा."

मी छापील प्रश्न घेऊन त्या गावात पाच वेळा गेले. भाव पटतो का, फॅटचं मशीन बरोबर वाटतं का, टेम्पो वेळेवर येतो का, पशुखाद्य कसं आहे. लोकांनी खाट टाकली, चहा दिला, प्रत्येक प्रश्नाला "चांगलं हाय, काय अडचण न्हाय" म्हणून सांगितलं. मागं गोठ्यात म्हैस धार काढायला ओरडत होती आणि समोर बाई शांतपणे सांगत होती की जनावर आटलंय. मी गोठ्याकडं बघितलं, तिनंही बघितलं. "ती शेजारणीची हाय," म्हणाली.

मला त्या गावात नेत असत ते डेअरीचे मामा. साठीला आलेले, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणं. त्या बाजूच्या पाच गावांचं दूध गोळा करायचं काम त्यांचं. डेअरी चार कॅनची होती तेव्हा टेम्पो नव्हता. मामा ते कॅन एसटीच्या टपावर चढवून आणत, आणि ती एसटी बऱ्याचदा माझ्या वडिलांची असे. दूध नासलंय का हे मशीनच्या आधी त्यांना वासावरून कळे. डेअरीत मालकांना 'अरे दादा' म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

तिसऱ्या फेरीला परत येताना टेम्पोत मामा म्हणाले, "ताई, तुमी कागद भरून घ्यायलाव ते बरं हाय. पर दादाला एकडाव गावात आणा. कागद न्हाय, माणूस आणा."

"का, मामा? काय झालंय?"

"आल्यावर कळंल त्याला."

"मला सांगा ना, मी त्यासाठीच तर आलेय."

मामा बाहेर बघत राहिले. म्हणाले, "म्या सांगायचं न्हाय ते."

मी वहीत 'मालकांची भेट' एवढं लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. आजही ती वही माझ्याकडं आहे. खरं म्हणजे मला राग आला होता. ज्याला काही सांगायचं नाही त्यानं कोड्यात बोलू नये, असं माझं मत होतं. शिवाय एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. लोक माझ्याशी जरा मोकळं बोलायला लागले आणि तेवढ्यात मामा जवळ आले, की गप्प होत. खाली बघत. मी त्यावरून माझा शहाणपणाचा निष्कर्ष काढला.

अहवालाच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं, 'गावपातळीवर संकलन करणाऱ्या व्यक्तीविषयी विश्वासाची कमतरता जाणवते.' मामांचं नाव लिहिलं नाही. आमच्या धंद्यात असं लिहायची रीत आहे. कुणावर बोट ठेवायचं नाही, पण बोट कुठं आहे ते दिसलं पाहिजे. पुरावा माझ्याकडं कवडीचा नव्हता. दोन महिने हिंडून हात हलवत परत यायची लाज वाटली, म्हणून मी ते वाक्य लिहिलं. हे आज सरळ लिहू शकते. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

आठ दिवसांनी मालकांनी मामांना काढून टाकलं. भांडण नाही, आवाज नाही. "मामा, आता वय झालं, घरी बसा," म्हणाले. पण सतरा वर्षं दूध मोजणाऱ्या माणसाला मधूनच घरी बसवलं की लोक वयाचं कारण मानत नाहीत. पाणी घालत असणार, मापात मारत असणार, चोरी पकडली असणार. आईला बाजारात मामांच्या गावची एक बाई भेटली होती. ती सांगत होती, म्हातारा आता पारावर बसत नाही, शेतात जायचं तर मागच्या पांदीच्या वाटेनं जातो.

मी हे वडिलांना सांगितलं ते सहज. दुपारची वेळ होती, ते अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना माझ्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी ऐकायची सवय लागली होती. मी बेचाळीस घरांची, आटलेल्या म्हशींची सगळी हकीकत रंगवून सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली शेंग तशीच धरली आणि विचारलं,

"कुणी मेलं हुतं का त्या गावात?"

"म्हणजे?"

"म्हशी आटायच्या आधी. कुणी मोठं माणूस मेलं हुतं का?"

मेलं होतं. मला ते बसल्या जागी आठवलं.

म्हशी आटायच्या महिनाभर आधीची गोष्ट. पुण्याहून पेढ्याचे खरेदीदार आले होते, दोघंजण. डेअरीच्या नव्या ऑफिसात, काचेच्या दाराआड आमची बैठक चालू होती. मी खुर्चीत बसूनच भिंतीवर चित्रं दाखवत होते. तेवढ्यात मामा दारात आले. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन उभे राहिले. मालकांनी मान वर केली.

"दादा, आबा गेले," मामा म्हणाले. "बारा वाजता माती हाय. निघावं लागतंय."

हे आबा त्या गावचे. डेअरी सुरू झाली तेव्हा कुणी दूध घालायला तयार नव्हतं, चार महिन्यांत पळून जाईल हा पोरगा म्हणायचे. पहिलं दूध आबांनी घातलं, मग त्यांच्याकडं बघून गावानं. अंत्यविधीला आमच्याकडं माती म्हणतात, आणि निरोप आला की माणूस हातातलं काम ठेवून निघतो. मालकही निघाले होते. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते अर्धे उठले, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी नकारार्थी मान हलवली. हळूच म्हटलं, "दादा, पाहुणे पुण्याहून आलेत. मी मेसेज टाकायला सांगते. तुम्ही दहाव्याला जाऊन या."

ते दोन क्षण तसेच अधांतरी राहिले आणि खाली बसले. "मामा, तुम्ही व्हा पुढं," म्हणाले. मामांनी टोपी घातली आणि गेले. मी बाहेर जाऊन मुलीला मेसेज पाठवायला सांगितलं. एकोणिसातला सतरावा. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या घरातील वडीलधारे छत्र हरपले, पण आपण एकटे नाही. आमचा परिवार सदैव आपल्यासोबत आहे.' त्या शेवटच्या वाक्याचा मला अभिमान होता. त्याखाली लाल गोंड्यांची म्हैस हसत होती. दहाव्याला पाश्चरायझरचे इंजिनीअर आले होते, तेही राहून गेलं. हे सगळं मी वडिलांना सांगितलं.

"लग्नाला न्हाय गेलं तर चालतंय," वडील शेंगा फोडत म्हणाले. "आहेर पाठवला की भागतंय. मातीला पाठवण्यासारखं काय नसतंय, बाळा. तिथं माणसानंच जावं लागतंय."

"मग तोंडानं सांगायचं ना त्यांनी! पाच वेळा गेले मी, कागद घेऊन बसले प्रत्येकासमोर."

"कसं सांगतील? आमच्या मातीला आला न्हाईत म्हणून मागायला, ती काय उसनी साखर हाय व्हय? ज्याचं त्याला कळलं पायजे. महिनाभर वाट बघितली त्यांनी. न्हाय कळलं तर माणूस दूध बंद करतो, बोलणं न्हाय बंद करत. चहा दिला न्हवं तुला?"

चहा दिला होता. पाचही वेळा.

"आणि मामा आले की गप्प का व्हायचे?" मी विचारलं, पण विचारतानाच मला कळलं होतं.

"त्यो एकटाच आलता डेअरीतनं. त्याच्यासमोर त्याच्या मालकाची बेअब्रू कशी करतील?"

मी वडिलांना अहवालातल्या त्या वाक्याबद्दल सांगितलं. त्यांनी टरफलं गोळा केली, उठून उकिरड्यात टाकून आले आणि म्हणाले, "मग उद्या जाऊन सांग की मालकाला. त्या माणसाची अब्रू हाय त्यात."

मी दुसऱ्या दिवशी गेले. ढोकीकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत, बोलायची वाक्यं मनात जुळवत गेले. मालक खुशीत होते. मामांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं दुसऱ्या दोन गावांतून दूध मिळवलं होतं, खव्याचं गाडं रुळावर येत होतं. मला बघताच म्हणाले, "मॅडम, तुमच्या रिपोर्टनं डोळे उघडले बघा. घरचाच माणूस निघाला. पुढच्या वर्षीचं कामही तुम्हीच बघायचं." आणि चहा मागवला.

मी तो चहा प्यायले आणि परत आले.

का बोलले नाही याची कारणं मी वाटेत शोधली, आणि मला ती भराभर सापडली. मी कुठं नाव लिहिलं होतं? काढायचा निर्णय मालकांचा. आता सांगून दूध थोडंच परत येणार? माणसाची जीभ दुसऱ्यासाठी जड होते, पण स्वतःची बाजू मांडायला बघा कशी चुरुचुरु चालते. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "आज योग्य वेळ नव्हती." ते "बरं" म्हणाले.

पुन्हा त्यांनी कधीच विचारलं नाही. रागावले असते तर मी भांडले असते. पण माझ्या गिऱ्हाइकांच्या गोष्टीही त्यांनी त्या दिवसापासून ऐकायला मागितल्या नाहीत, आणि मीही सांगितल्या नाहीत. जेवताना आम्ही हवापाण्याचं बोलत असू.

दिवाळीनंतर वडील गेले. सकाळी अंघोळ करून देवासमोर बसले आणि तिथंच कलंडले. मला त्या दिवसाचं फारसं सलग आठवत नाही. आई भिंतीला टेकून होती. शेजारचे, भावकीतले लोक जमत होते. एसटीतल्या माणसाची बातमी एसटीनंच पोचवली, प्रत्येक गाडीतून चार-दोन माणसं उतरत होती. मी पाणी आणायला बाहेर आले तर अंगणात मामा दिसले. उपरणं कमरेला बांधून, गुडघ्यावर बसून तिरडीच्या बांबूला सुंभ आवळत होते. त्यांनी वर बघितलं नाही. गाठ ओढून पक्की केली, हातानं हलवून बघितली आणि दुसरी घालायला घेतली. माझ्या वडिलांना ते खांदा देऊन गेले आणि तसेच परस्पर घरी गेले.

दुपारी फोन वाजला. डेअरीचा मेसेज. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या घरातील वडीलधारे छत्र हरपले, पण आपण एकटे नाही.' माझेच शब्द, माझाच स्वल्पविराम, आणि खाली हसणारी म्हैस. सल्लागार म्हणून माझं नाव त्या यादीत मीच घातलं होतं. मालक आले नाहीत. मला त्यांचा रागसुद्धा धरता येईना. मी शिकवलं तसं वागले बिचारे. पण तो मेसेज वाचताना आबांच्या घरच्यांना, आणि त्यांच्याकडून ऐकताना त्या गावाला काय वाटलं असेल ते मला समजलं. मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं, तेरा दिवस काढला नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मामा पुन्हा आले. सगळं आटोपून लोक पांगले, मामा ओसरीच्या पायरीवर पाय पुसत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, दादांना त्या दिवशी मीच बसवलं. आणि त्या कागदात तुमच्यावर संशय येईल असं मीच लिहिलं."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "म्या दारातच हुतो की तवा. आन् कागदाचं दादाच बोलला मला काढताना. मॅडमनं लिवलंय म्हणला."

"एवढं माहीत असून तुम्ही आलात?"

त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नाही. "मातीला यायचं असतंय, ताई," ते म्हणाले. "तुमचे वडील म्या कॅन घेऊन येताना दिसलो की गाडी उभी करायचे. थांबा नसला तरी. त्यांच्या मातीला न्हाय यायचं व्हय?"

त्यांनी टोपी घातली, आईला लांबूनच हात जोडले आणि स्टँडच्या दिशेनं चालत गेले.

चौदाव्या दिवशी मी डेअरीत गेले. या वेळी वाक्यं जुळवली नाहीत. मालक उठून म्हणाले, "मॅडम, वडिलांचं ऐकलं, फार वाईट झालं, मी येणारच होतो." मी म्हटलं, दादा, खाली बसा. आणि सगळं सांगितलं. आबांची माती, तो मेसेज, म्हशी का आटल्या, ते वाक्य मी कशाच्या जोरावर लिहिलं, आणि हे कळल्यावरही इथंच बसून मी चहा पिऊन गेले, तेही. त्यांनी काचेच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मला उठावंसं वाटलं होतं हो." मला वाटलं आता ते मला हाकलतील. त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाले, "चला."

आधी आबांच्या घरी गेलो. आबांच्या पत्नी उंबऱ्याशी बसल्या होत्या. मालक त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. हळूहळू शेजारपाजारचे येऊन उभे राहिले. मग मालकांनी मान वर करून सगळ्यांना सांगितलं, "मामांनी कधी थेंबभर पाणी घातलं नाही. चूक माझी हाय. मी आलो न्हाय, आन् वर त्यांनाच घालवलं." पुढं होऊन 'चूक माझी' म्हणायला हवं होतं ते मी. मी मागं उभी होते, आणि मागंच उभी राहिले. म्हाताऱ्या बाईंनी सुनेला पाणी आणायला सांगितलं. मालक ते प्यायले. "उशीर केलास रे," एवढंच त्या म्हणाल्या.

तिथून मामांच्या घरी. ते दारात ज्वारी निवडत बसले होते. आम्हाला बघून उठले, घोंगडी अंथरली. मालक म्हणाले, "मामा, परत चला."

"आता न्हाय, दादा," मामा म्हणाले. "काढला तवा लोकं चोर म्हणली. परत टेम्पोत बसलो तर म्हणतील, चोराला माफ केलं. किती जणास्नी सांगत बसू?"

"मी सांगेन. आत्ताच सांगून आलोय."

"ते लई चांगलं केलं. आबाच्या घरला गेलास का आधी?"

"तिथूनच आलो."

"मग झालं." मामांनी आतून पाण्याचा तांब्या आणला. मालकांचे डोळे भरून आले होते. ते हात जोडायला लागले तर मामांनी त्यांचे हात धरून खाली केले.

"न्हाय, दादा. माझा तुझ्यावर राग न्हाय," ते म्हणाले. "तू अर्धा उठला हुतास त्या दिवशी. म्या बघितलं. तेवढ्यावर एवढे दिस काढले म्या."

मग त्यांनी तांब्या माझ्याकडं सरकवला. "घ्या, ताई, पाणी घ्या," म्हणाले, आणि पुन्हा ज्वारी निवडायला बसले. माझ्यावर राग आहे की नाही हे ते बोलले नाहीत. त्या दिवशी आबांचं ऐकून मी खुर्चीतून हललेसुद्धा नव्हते, तेही त्यांनी दारातून बघितलं होतं.